टाकी आमची, पाणी आमचे, परवानगी मात्र सर्व्हरची

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे, विहिरीवरचा पंप चालू आहे की बंद आणि वाडीतली माती कोरडी पडली आहे का, एवढेच मला घरबसल्या कळायला हवे असते. त्यासाठी राउटरशेजारी तीन कंपन्यांचे तीन गेटवे (सेन्सरचे निरोप इंटरनेटपर्यंत पोहोचवणारे डबे) लुकलुकत बसले आहेत, कारण टाकीच्या सेन्सरला पंपाचा गेटवे चालत नाही आणि वाडीतल्या सेन्सरला त्या दोघांचेही वावडे आहे. त्यातले दोन तर झिगबी या एकाच बिनतारी तंत्रावर चालतात! २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा तोच, तरी एकमेकांना ओळख द्यायची नाही, हा आडमुठेपणा निव्वळ धंद्याचा आहे. २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे सामाईक मानक आले, तरी दुकानदार जुनाच माल ‘स्मार्ट’ म्हणून गळ्यात मारतात.

खरा संताप येतो तो इंटरनेट गेल्यावर. कोकणातल्या पावसात फायबर तुटते, वीज मात्र कधीकधी शाबूत असते आणि पंप चालूच राहतो. टाकीवरचा सेन्सर आणि खालचा गेटवे यांच्यात एका जिन्याचे अंतर आहे, पण ‘टाकी भरली’ हा निरोप कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरकडे जाऊन परत आल्याशिवाय पंप बंद करायचा नाही, असे या शहाण्यांनी ठरवले आहे. पाणी गच्चीवरून अंगणात कोसळत असताना ॲप शांतपणे ‘डिव्हाइस ऑफलाइन’ असे दाखवते आणि ग्राहकसेवेतला माणूस राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगतो.

वाडीची तऱ्हा वेगळीच. जांभ्याच्या जाड भिंती आणि पावसात भिजलेली झाडी यांतून २.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल पार होता होता मरतो. तिथे लोरा हे लांब पल्ल्याचे बिनतारी तंत्र हवे, ज्यासाठी भारतात ८६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. पण ऑनलाइन विकणारे अमेरिकेसाठी बनवलेला ९१५ मेगाहर्ट्‌झचा माल बेधडक पाठवतात, जो इथे तसा वापरता येत नाही.

शिवाय बॅटरीवरचे झिगबी सेन्सर दुसऱ्याचा निरोप पुढे पोहोचवत नाहीत. ते काम विजेवरचे प्लग आणि बल्ब करतात. आमच्याकडे तर निजताना भिंतीवरचे प्रत्येक बटण बंद करणे हा संस्कारच आहे (आणि तो योग्यच आहे), त्यामुळे रात्री अर्धे जाळे गपगार होते. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही.

आता त्यातल्याच एका कंपनीने मातीच्या ओलाव्याचा मागच्या महिन्याचा आलेख दाखवण्यासाठी वर्गणी मागितली आहे. माती आमची, सेन्सर आम्ही विकत घेतलेला, आकडेही आमचेच. दमडीही देणार नाही.