पगार आधीच विचारायचा

आज एका साक्षगंधात जेवताना शेजारचे काकाजी म्हणाले, "अमक्याची पोरगी नर्सिंग शिकली अन् हैदराबादले पळाली. पैशाच्या मागं लागली. इथल्या पेशंटची सेवा कोण करन?" सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच्या घरचं कार्य, म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर चंद्रपुरातल्या एका खासगी दवाखान्यात मुलाखतीला गेले होते. डॉक्टरांनी आयव्ही, कॅथेटर, डिलिव्हरी सगळं विचारलं. शेवटी मी विचारलं, "सर, पगार किती? नाईट किती लागतील?" त्यांनी पेन खाली ठेवला. "सेवेत यायच्या आधीच पगार?" आणि लगेच पुढचं वाक्य : ओरिजिनल मार्कशीट जमा करा, मुदतीआधी नोकरी सोडणार नाही अशा बॉण्डवर सही करा.

माझी आई भाताच्या रोवणीला जायची. मजुरी ठरल्याशिवाय एकही बाई बांधीत पाय टाकत नसे. त्यांना कुणी सेवाभाव शिकवला नाही!

सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितल्यावर केंद्राची समिती बसली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला किमान २०,००० द्या, दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या, अशी तिची शिफारस आहे. आपल्या तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही सिस्टरला हळूच विचारून बघा, हातात किती येतात ते. रिलीव्हर आली नाही की डबल ड्युटी. रात्री अख्ख्या वॉर्डला एकटी. दारू पिऊन आलेला नातेवाईक अंगावर धावतो तेव्हा डॉक्टर घरी झोपलेले असतात.

मी त्या दवाखान्यात लागले नाही. माझी मैत्रीण लागली, कारण घरी कर्ज होतं. सोडायची वेळ आली तेव्हा तिचे बाबा ओरिजिनलसाठी त्याच केबिनबाहेर दिवसभर बसून होते. शेती सोडून, हात जोडून. हे आठवलं की आजही अंगाची लाही होते.

"मग सरकारीत जा ना." जातो की! कायमची जागा काढा. एनएचएममध्ये, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी नोकरीत, अकरा महिन्यांची ऑर्डर, मग ब्रेक, मग पुन्हा ऑर्डर. त्यावर कोणती बँक घराचं कर्ज देते?

सगळ्याच गेल्या तर गडचिरोलीतल्या भामरागडला कोण राहील, हा प्रश्न खरा आहे. मान्य. पर्लकोटा नदीला पूर आला की तिकडचा रस्ता बंद होतो, आणि गरोदर बाईजवळ उपकेंद्राची सिस्टरच असते. लसीचा डबा घेऊन चिखलातून पाड्यावर जाणाऱ्या अशा बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापुढे मी कोणीच नाही. पण त्यांच्या क्वार्टरचं गळकं छत कोणी पाहिलं? राहायला धड खोली, वेळेवर पगार आणि रात्री सोबतीला एक माणूस द्या. आमच्याच पोरी जातील, घराजवळ राहायला कोणाला नको असतं?

शेवटच्या वर्षाला असलेल्या पोरींनो, पगार, नाईट, सुट्टी, राहायची सोय, सगळं बिनधास्त विचारा आणि ऑर्डरवर लिहून घ्या. ओरिजिनल दाखवा, पण जमा करू नका, झेरॉक्स द्या. कुठे अडवलं तर मला मेसेज करा, माहितीतले दुसरे दवाखाने सांगते.