धुऱ्यावर या म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

'विदर्भपुत्र' भाऊ, सुगंधी तेलाच्या रोशा गवतासाठी कुठली जमीन कितपत योग्य, याचा माझा नकाशा तुम्हाला पटला नाही. हरकत नाही. पण "नागपुरात एसीत बसून माउस फिरवणाऱ्या 'साहेबांनी' आमच्या भारी वावराला नारिंगी रंग देऊ नये, आधी धुऱ्यावर या" ही काय बोलायची रीत झाली?

एसी नाही माझ्याकडे. कूलर आहे, मे महिन्यात तोही हात टेकतो. आणि धुऱ्याचं म्हणाल, तर आमचं वावर काटोल तालुक्यात आहे. शाळेत असताना मी डवऱ्यामागे चाललोय. झडीत भारी जमिनीत पाय रुतले की चपला हातात घेऊन घरी यावं लागतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

बरं, नकाशात नारिंगी म्हणजे रोशासाठी कमी योग्य; वावर भिकार, असं मी लिहिलंय कुठं? एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या) जमीन पारखायच्या १९७६ च्या चौकटीत योग्यता पिकागणिक ठरते. कापसाला, हरभऱ्याला तुमची काळी जमीन उत्तमच असेल. पण ती पाणी धरून ठेवते आणि रोशाला पाणी साचलेलं चालत नाही. आपल्याकडे ज्याला तिखाडी म्हणतात तेच हे गवत. ते टेकडीच्या उतारावर, बरडावर आपसूक उगवतं. त्यातला मोतिया प्रकार निचऱ्याच्या जागी येतो आणि चांगलं तेल त्याचंच. सखल, ओलसर जागी सोफिया येतो, त्याचं तेल हलकं. म्हणून उतार आणि निचऱ्याला मी जास्त वजन दिलं. यात तुमचा अपमान कुठे झाला?

एक मान्य करतो. मातीची माहिती ज्या सॉइलग्रिड्स या जगभरच्या मातीच्या डिजिटल नकाशावरून घेतली, तिचा एक चौकोन २५० मीटरचा, म्हणजे सव्वासहा हेक्टरचा. त्यात चार जणांची वावरं मावतात. पण हिरवळ पाहिली ती सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवर. तिथला चौकोन दहा मीटरचा, जवळपास एक गुंठा! एवढं बारीक तर तलाठीही बघत नाही.

तेलाच्या भट्टीचा खर्च, भाव, गिऱ्हाईक हे तुमचे बाकीचे मुद्दे या लेखाचे नाहीत. तो विषय वेगळा.

वाद घालायचाच असेल तर वावरात मीटरभर खड्डा खणा, सामू (मातीचा pH) तपासा, चुनखडी किती खोलीवर लागते ते मोजा आणि फोटोसकट इथे टाका. रंग बदलायचा की नाही ते मग पाहू. आणि 'साहेब' भोवतीची ती दोन अवतरणचिन्हं मला दिसली बरं का.