इथे कोणी राहतं का?

“घरमालक कुठे असतात सध्या?”

काल सकाळी फाटकापाशी स्कूटर लावून उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला हे विचारलं. मी अंगणात, माझ्याच झाडांत, बनियनवर उभा होतो. बनियनमुळे मी राखणदार वाटलो असेन, हे मान्य. पण पुढचं वाक्य काही बनियनच्या माथी मारता येत नाही.

“नाही, बरेच दिवस बंद दिसतंय. विकायचं असेल तर बघावं म्हटलं.”

मी इथे रोज राहतो. सकाळ-संध्याकाळ त्याच फाटकातून आत-बाहेर करतो. वर्तमानपत्र येतं, कपडे वाळत असतात. तरी घर बंद दिसतं, कारण अंगणात देशी झाडं आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी हिरवळ उखडली. पर्यावरणाचा कळवळा वगैरे नंतर आला, मूळ कारण आळस. त्या हिरवळीनं माझे सगळे रविवार खाल्ले होते. पाणी द्या म्हणजे ती वाढणार, वाढली की कापा, कापली की खत द्या, म्हणजे पुन्हा वाढणार. अशात कुणीतरी सांगितलं, देशी झाडं लाव, काही करावं लागत नाही. इथल्या उन्हापावसात हजारो वर्षं तगलेली असतात, त्यांना तुझी गरज नाही. माझी गरज नसलेलं काहीतरी आयुष्यात हवंच होतं.

लोक एवढंच सांगतात. पहिली एकदोन वर्षं, मुळं खोल जाईपर्यंत, पाणी द्यावंच लागतं, हे सांगत नाहीत. मायेनं खत घातलं तर ती नुसती उंच वाढतात आणि लोळतात, हेही नाही. ते मी स्वतः शिकलो, एक अडुळसा आडवा पडल्यावर.

शिवाय आधी झाड देशी आहे की नाही ते कळायला हवं. नर्सरीत विचारलंत तर गेल्या आठवड्यात आलेली सोडून सगळी देशी. “ही सदाफुली? एकदम देशी!” ती मूळची मादागास्करची. गुलमोहोरही तिथलाच, आणि औषधी म्हणून घरोघरी मिरवणारी पानफुटीही तिथलीच. झेंडू मेक्सिकोचा. मनीप्लांट पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरचा. बोगनवेलीला तर मी कसलेल्या वकिलासारखं धरलं. ती दक्षिण अमेरिकेची. तिला ज्याचं नाव मिळालं तो बूगॅनव्हिल फ्रान्सहून 1766 साली जगप्रदक्षिणेला निघाला होता. त्याच्या मोहिमेत कोमर्सो नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याच्या हाताखाली झान बारे नावाची बाई पुरुषाचा वेश करून नोकर म्हणून राहिली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री ठरली. वेलीला नाव कॅप्टनचं. ओझी वाहून झाडं गोळा करणारी बाई राहिली बाजूला. हे सगळं मी नर्सरीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “गुलाबी देऊ की पांढरी?”

असो. शोधून शोधून कोरांटी, निर्गुडी, अडुळसा, रुई, कढीपत्ता, पारिजातक आणली आणि कुंपणाशी कळलावीचा कंद लावला. मग हे गृहस्थ आले.

“मीच मालक,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. आजाऱ्याच्या उशाशी होतो तसा.

“तब्येत वगैरे बरी नव्हती का?”

“छान आहे. ही बाग आहे. देशी झाडांची.”

“म्हणजे हे तुम्ही लावलंय?”

“हो.”

“मुद्दाम?”

या ‘मुद्दाम’वर मी अजून अडकलोय. काल दिवसभरात त्याला सात-आठ उत्तरं सुचली, एकही वेळेवर नाही. त्या वेळी मी फक्त “हो” म्हणालो, आणि ते कबुलीजबाबासारखं ऐकू आलं.

तोवर ते फाटक उघडून आत आले होते. बंगला बघायला आलेला माणूस जशी भिंतीला थाप मारून बघतो, तसं ते एकेका झाडाला बोट लावत निघाले. “ही रुई. रस्त्याकडेला असते.” असते. “ही निर्गुडी. ही पण बांधावर असते.” असते. “मग इथे कशाला?” मला वाटलं, या माणसाला आपल्या ओळखीचं माणूस दुसऱ्याच्या घरी जेवायला बसलेलं दिसलं की असाच धक्का बसत असेल.

“पानं तर सगळी खाल्लीत.”

“अळ्यांनी. त्यांच्यासाठीच आहेत.”

इथे मी चुकलो. त्यांनी विचारलंच नव्हतं, पण मी सुरू झालो. रुईवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळीचं नारिंगी फुलपाखरू होतं. कढीपत्त्यावर हे जे पक्ष्याच्या शिटेसारखं दिसतंय ना, ती लहान अळी आहे. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिनं ते सोंग घेतलंय. मोठी झाली की हिरवी होते. परदेशी शोभेच्या झाडांवर आपल्या बऱ्याचशा अळ्या जगूच शकत नाहीत. आणि अळ्या नाहीत तर पक्ष्यांनी पिल्लांना भरवायचं काय?

ते वाकून कढीपत्त्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, जिंकलं.

“शीटच आहे,” ते म्हणाले. आणि सरळ होता होता, बोलण्याच्या ओघात, त्यांनी कुंपणावरचा वाळका वेल धरून ओढला. “आधी हे असलं काढून टाका बघू. फरक पडेल.”

तो कळलावीचा वेल होता. दोन पावसाळे वाट बघितल्यावर यंदा पहिल्यांदा फुलला होता. खाली पिवळ्या, वर लाल, ज्वाळांसारख्या उलट्या वळलेल्या पाकळ्या. पावसाळा संपला की तो वाळतो आणि जमिनीखाली कंद झोपून राहतो, पुढच्या पावसापर्यंत. त्याला खरोखरच काही करावं लागत नाही. माती अजून ओली होती, त्यामुळे कंदही वर आला. त्याचा कोंब टोकाशी असतो, आणि टोक नेमकं यांच्या चिमटीत मोडलेलं.

“अरे वा, कंद!” ते खूश झाले. “हा उकडून खातात ना?”

मी दोन सेकंद गप्प बसलो. ते दोन सेकंद मला शोभणारे नव्हते. मग सांगितलं, जहाल विष आहे, खाल्लं तर माणूस मरतो. त्यांनी कंद टाकला आणि हात अंगापासून लांब धरले. म्हणजे आता मलाच त्यांना आत न्यायचं, मोरीत साबण द्यायचा. बायकोनं सरबत विचारलं, ते त्यांनी घेतलं. टॉवेलला हात पुसत हॉलभर नजर फिरवली.

“आतून छान ठेवलंय हो!” हे बायकोला. तीही हसून “थँक्यू” म्हणाली.

मला एक कळत नाही. या गल्लीत रस्त्याच्या दोन्ही कडांना गाजरगवत कमरेएवढं माजलंय, तेही परदेशी. मोकळ्या प्लॉटवर घाणेरी पसरलीय, जिला एकेकाळी शोभेची म्हणूनच आणलं होतं. त्या प्लॉटच्या मालकाला कुणी तब्येत विचारत नाही. समोरच्यांच्या अंगणात प्लास्टिकची हिरवळ आहे. तिला मात्र येणारे-जाणारे नावाजतात. मी आळशी म्हणून देशी झाडं लावली आणि आता दिवसभर लोकांना समजावत बसतो. याला देखभाल नाही तर काय म्हणायचं?

जाताना ते फाटकाशी थांबले. नळाशेजारी सिमेंटच्या चिरेत एक सदाफुली आपली आपण उगवली आहे. मी तिला ना पाणी दिलंय ना माती. गेले सहा महिने उपटायची म्हणतोय.

“ही तेवढी ठेवा,” ते म्हणाले. “हिच्यामुळे वाटतं कोणी राहतंय.”

स्कूटर वळल्यावर मी मोडका कंद तसाच पुरला. फुटणार नाही, पण टाकवेना. मग नळाकडे गेलो, बाह्या नसलेल्या बनियनच्या बाह्या सरसावल्या आणि सदाफुलीला बुंध्याशी धरलं.

“अहो, ती नका उपटू!” बायको खिडकीतून ओरडली. “तेवढीच एक बरी दिसते. आणि काय हो, किती देत होते ते?”