पुट्टी भरली म्हणजे गंज गेला?

जुन्या पिकअपबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय: गंजावर ग्राइंडर फिरवा, रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा काळा, स्थिर थर करणारं रसायन) लावा, पुट्टी भरा, रंग द्या. पत्रा बदलायचाच असेल तर कापा आणि जोडा. नवं पॅनेल जसंच्या तसं बसतं, भंगारातलं घेऊ नका. ऐकायला सोपं आहे. दोन पावसाळ्यांत फुगे परत येतात.

‘ग्राइंडर आणि पुट्टी पुरे.’ केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचे रॉकर (उंबरठ्याच्या पोकळ पट्ट्या), चाकांवरच्या कमानी इथला गंज आतून येतो. पाणी निघायची भोकं मातीने बुजतात, चिखल ओला राहतो. बाहेर रंग फुगतो तोवर आत चाळण झालेली असते. फुग्यावर स्क्रूड्रायव्हर दाबा. आरपार गेला तर पत्रा कापायचाच. साधी पुट्टी पाणी शोषते, म्हणून भोकावर भरली की मागून ओलावा घेऊन कडेने सुटते. तिचं काम धडधाकट पत्र्यावरचा खड्डा भरायचं, तेही साधारण 3 मिमीपर्यंत.

‘कन्व्हर्टर गंज संपवतो.’ पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजापुरताच. पापुद्रे असले तर वरचा थर काळा होतो, खालचा तसाच राहतो.

‘कापा आणि जोडा.’ खरा घोटाळा इथे होतो. आधी सीटमागे पाहा: कित्येक जुन्या पिकअपमध्ये इंधनाची टाकी केबिनमध्येच असते. ती काढून दूर नेल्याशिवाय ठिणगी पाडू नका. रॉकर कापण्यापूर्वी दारांच्या फटी मोजून लिहा आणि दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा आधार वेल्ड करा, नाहीतर केबिन खचते आणि दार लागत नाही. गंजाच्या कडेपासून किमान 25 मिमी पुढे, चमकत्या पत्र्यापर्यंत कापा. मिग वेल्डिंगची (यात तार मशीनमधून आपोआप पुढे सरकते) 0.6 मिमी तार घ्या. वेल्डचा एक टाका इथे, पुढचा दुसऱ्या टोकाला. हात लावण्याइतका थंड झाल्यावर मधला. सलग रेघ ओढली की पत्रा आकसतो, लाटा उठतात, आणि त्या झाकायला पुन्हा पुट्टीच येते. जिंक चढवलेला पत्रा असेल तर वेल्डच्या जागचं जिंक आधी घासून काढा, त्याचा धूर बाधतो. रंगकाम झाल्यावर पत्र्यामागच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) मारा. ही पायरी चुकली तर बाकीची मेहनत फुकट.

‘नवं पॅनेल जसंच्या तसं बसतं.’ क्वचितच. कडा आणि उठावाच्या रेषा जुळत नाहीत, म्हणून रंगाआधी बोल्ट सैल ठेवून, शेजारचं दार लावून बसवून पाहा. त्यावरचा काळा थर दरवेळी प्रायमर नसतो. थिनरच्या फडक्याने पुसा. सुटला तर पूर्ण काढून एपॉक्सी प्रायमर द्या.

‘भंगारातलं नको.’ उलट, मूळ पत्रा चांगला असेल तर तोच बरा. रेषा त्याच असतात. जाताना फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक न्या; चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे. बिजागरीची भोकं, आरशाची जागा, दिव्यांच्या खाचा आपल्या गाडीशी ताडून पाहा, मॉडेल तेच असूनही वर्षागणिक बदलतात. हवा त्यापेक्षा चार बोटं जास्त कापून आणा. स्पॉट वेल्ड (दोन पत्रे जोडणारे कारखान्यातले ठिपके) 8 मिमीच्या कटरने वरच्याच पत्र्यापुरते कापा. बसवताना तीच भोकं वेल्डने भरता येतात. आपलं जुनं मडगार्ड उतरवताना कोणत्या बोल्टखाली किती शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) होते ते लिहून ठेवा, कारण ते हिशेब आपल्या केबिनचे असतात, आणलेल्या मडगार्डचे नाहीत.