तो रकाना मी खोडणार नाही

मंगळवारपासून डोकं तापलंय, अजून उतरत नाहीये. आमच्या मैत्री क्लिनिकला, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींच्या सरकारी सल्ला केंद्राला, गेलं दीड वर्ष जे तांत्रिक साहाय्य, म्हणजे प्रशिक्षण आणि मार्गदर्शन, मिळतंय, त्याचं मूल्यमापन करायला पथक आलं होतं. दोन गाड्या, पाच माणसं, एक बॅनर. बॅनरचा फोटो नीट यावा म्हणून बाहेरच्या बाकावरच्या मुलीला उठवलं. दहावीतली पोर. दोनदा येऊन गप्प बसून गेली होती, तिसऱ्यांदा आपणहून आली होती. उठली ती थेट गेटबाहेर. मी धावत जाईपर्यंत वडाप सुटलं होतं.

मग फॉर्म. ‘प्रशिक्षणामुळे आपल्या क्षमतेत झालेली वाढ १ ते ५ मध्ये दर्शवा.’ ‘मार्गदर्शकांचे सहकार्य कसे होते?’ प्रशिक्षणातलं जेवण कसं होतं, तेसुद्धा विचारलंय. ज्यांनी शिकवलं ते शेजारीच उभे. आमचा करार अकरा महिन्यांचा. १ वर खूण करायची छाती कोणाची आहे? सगळ्यांनी ४ आणि ५ भरले. मीही भरले, आणि त्याचा मला अजून संताप येतोय.

पण खरी आग लागली ती रेफरलच्या, म्हणजे पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या मुलांच्या, रजिस्टरवरून. छापील रकाने काय, तर नाव, वय, कारण, कुठे पाठवलं. बस. पोरगं तिथे पोहोचलं का, हे विचारणारा रकानाच नाही. गेल्या वर्षी मी पट्टी धरून लाल पेनने शेवटी एक रकाना आखला. ‘पोहोचले का?’ दर शनिवारी घरोघरी फोन करून तो भरते. जिल्हा रुग्णालय इथून ६८ किलोमीटर. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं हे खरं, पण आईची मजुरी बुडते ती पूर्णच बुडते. तिथे गेल्यावर डॉक्टर शिबिराला गेलेले असले की परत या. मी पाठवलेल्या ३१ जणांपैकी ९ पोहोचले. नऊ! साहाय्य कामाला आलं की नाही, हे सांगणारं अख्ख्या क्लिनिकात ते एकच पान आहे.

नावं दिसू नयेत म्हणून मी पानावर कागद ठेवला होता. तो बाजूला करायला लावला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय, आणि तो मी यांना सांगायचा? मग पथकातल्या मॅडमनी लाल रकान्यावर बोट ठेवलं. “हे फॉरमॅटमध्ये नाहीये. पुढच्या व्हिजिटच्या आत काढून टाका, डेटा जुळत नाही.”

काढून टाका!

२०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यातले १,८३४ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. आणि यांचा डेटा जुळत नाही.

प्रशिक्षणाचंही सांगतेच आता. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस इंग्रजी स्लाइड वाचून दाखवल्या. सकाळी पूर्वचाचणी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच पेपर उत्तरचाचणी म्हणून, आणि उत्तरं मागून मोठ्याने सांगितलेली. गुण वाढले, अहवालात आलेख चढला. हातावर ब्लेडचे वण घेऊन आलेल्या मुलाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ‘चहानंतर घेऊ’. शिकून आलेल्या आमच्या एमओ (वैद्यकीय अधिकारी) सरांची तीन महिन्यांत बदली झाली, नवे सर आले ते कोरेच. आणि ‘मुलींना १४४१६ सांगा’ म्हणतात, ती टेलि-मानसची सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन. सांगते ना, नंबर चांगलाच आहे. पण घरात फोन एकच, तो भावाच्या खिशात. ही बोलणार कुठे उभी राहून? माझ्या खोलीला तरी कुठे दार आहे? हिरवा पडदा, पलीकडे लसीकरण, बाळं रडतायत आणि पोरीने मनातलं सांगायचं. दार द्या म्हणून तीन पत्रं दिली. दार काही तांत्रिक साहाय्यात बसत नाही.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ चा. मानसिक आरोग्य त्यात पहिल्यापासून आहे. इतक्या वर्षांत पोरांना कोणी विचारलं का, की बाबा, तुला इथे येऊन बरं वाटलं का? मूल्यमापन करायचंय ना, मग सहा महिन्यांनी या, बॅनर न आणता. दिवसभर त्या बाकावर बसा. कोण येतं, कोण दारातूनच परत फिरतं ते बघा. माझ्याबरोबर एक शनिवार फोन लावा. एका आईबरोबर पहाटेच्या एसटीने जिल्ह्याला जा आणि रात्री तिच्याबरोबर परत या. मग भरा काय १ ते ५ भरायचं ते.

रकाना मी खोडणार नाही. करार वाढवायचा नसेल तर नका वाढवू, रजिस्टर लाल रेघेसकटच ताब्यात मिळेल.

बाकावरची ती पोर अजून आलेली नाही. आशाताईंना निरोप दिलाय. त्या म्हणाल्या, आई साडेसहाला शेतावर जाते, त्याच्या आत घरी जाऊन येते.