‘बायका जमून दुखणं उगाळतात’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गेले काही दिवस एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: पाळीत ओटीपोट दुखणं निसर्गाचंच आहे, आज्या-पणज्यांनी त्याचा कधी बाऊ केला नाही. लग्न होऊन एक मूल झालं की सगळं थांबतं. नाहीच थांबलं तर पिशवी काढून टाकावी. पण एंडोमेट्रिओसिसच्या नावाखाली गट करून दुखणं उगाळत बसू नये, त्याने ते वाढतं. मला हा आजार आहे आणि आमच्या भागातल्या अशाच एका गटात मी नेमाने जाते. त्यामुळे यातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं मला भाग आहे.

आधी आज्या-पणज्या. त्यांनी बाऊ केला नाही हे खरं, कारण करायची सोयच नव्हती. त्यांनी दुखणं अंगावर काढलं. आजार मात्र आजकालच्या मुलींनी शोधून काढलेला नाही. व्हिएन्नाच्या डॉ. कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी त्याचं वर्णन 1860 सालीच केलं होतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, आतड्यावर, मूत्राशयावर वाढतो. तिथे सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळीच्या वयातल्या साधारण 10 टक्के, म्हणजे जगभरात 19 कोटी मुली आणि स्त्रियांना हा आजार आहे. पाळीत थोडंफार दुखतं ते बहुतेकींना. पण शाळा-कॉलेज बुडेल इतक्या कळा, शौचाला किंवा लघवीला जाताना दुखणं, संबंधांच्या वेळी दुखणं, पाळी नसतानाही दुखत राहणं, याला ‘निसर्गाचंच’ म्हणून गप्प बसवू नये.

लग्न आणि मूल हा सल्ला तर मला निर्दय वाटतो. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना तात्पुरता आराम पडतो, इतकंच. युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संघटनेने, ‘एश्रे’ने, 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की केवळ हा आजार बरा व्हावा म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये. शिवाय याच आजारामुळे अनेकींना दिवस जायला अडचण येते. त्यांना ‘मूल होऊ दे, थांबेल’ म्हणताना आपण काय बोलतो आहोत, याचा विचार करावा.

पिशवी काढण्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे हा सल्ला फार सहज दिला जातो. आजार गर्भाशयाच्या बाहेर आहे. पिशवी काढली आणि आतड्यावरचे, पडद्यावरचे डाग तसेच राहिले, तर दुखणंही राहू शकतं. सोबत दोन्ही अंडाशयं काढली तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होण्याचा, हृदयविकाराचा धोका वाढतो. काही जणींसाठी ही शस्त्रक्रिया योग्य असते, पण ती सगळं समजून-उमजून करायची असते. बीड जिल्ह्यात काय झालं ते आठवा. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 82 हजारांहून जास्त महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. मजुरी बुडू नये, दुखणं एकदाचं संपावं म्हणून घेतलेले असे निर्णय आपल्या राज्यात झालेत. तरीही ‘काढून टाका’ हा सल्ला कुणी हात जोडून पुढे कसा पाठवू शकतं?

आता गटावरचा आरोप. तो मला सगळ्यात जास्त लागला.

आमच्या गटात दुखण्याविषयी बोललं जातं, हे खरं आहे. एकदा गरम पाण्याच्या पिशवीचा विषय निघाला, तेव्हा एकीने ओटीपोटावरचे जाळीसारखे तपकिरी डाग दाखवले. वर्षानुवर्षं शेक घेऊन पडलेले. बाकीच्या जणींनीही पदर, कुडते बाजूला केले. बहुतेकींच्या पोटावर तीच जाळी. तिथे फिजिओथेरपी करणारी एक सदस्य होती. शेक किती गरम असावा, मध्ये कापड कसं ठेवावं, ओटीपोटाचे स्नायू दुखण्याने कसे आखडतात आणि ते सैल कसे करायचे, हे तिने तिथेच दाखवलं. याला उगाळणं म्हणायचं?

दुसरी गोष्ट वहीची. आम्ही नव्या सदस्येला रकाने आखून देतो: तारीख, कुठे दुखलं, दहापैकी किती, काय घेतलं, कोणतं काम राहिलं. एका शिक्षिकेच्या वहीत दर पाळीच्या पहिल्या दोन दिवसांपुढे ‘शौचाला बसताना मागे कळ, 8’ असं लिहिलेलं होतं. लाजेपोटी तिने हे कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. सोनोग्राफी नॉर्मल म्हणून फाइल बंद झाली होती. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असं होत नाही, पडद्यावरचे बारीक डाग तिच्यात दिसत नाहीत, हे तिला गटात कळलं. पुढच्या वेळी आमच्यातली एक तिच्याबरोबर गेली, वही डॉक्टरांसमोर उघडली, एमआरआय झाला आणि आतड्याला चिकटलेला आजार सापडला.

गटाने आजार बरा होत नाही, आणि आम्ही तसं कुणाला सांगतही नाही. नुसती रडारड चालते किंवा काढे-पावडरी विकल्या जातात असे गटही असतात. तिथून उठून यावं. आमच्याकडे आपण काय घेतो ते सांगता येतं, ‘तूही घे’ म्हणता येत नाही. इथलं बोलणं बाहेर जात नाही. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2017 च्या सूचनांत डॉक्टरांनाच सांगितलं आहे की रुग्णांना स्थानिक आधारगटांची माहिती द्यावी. अमेरिकेत मिलवॉकीला रुग्ण स्त्रियांची संघटना 1980 पासून आहे. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? पुण्यात मुक्तांगण 1986 पासून व्यसनमुक्तीसाठी हेच करत आलं आहे, कंपवाताच्या रुग्णांसाठी पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे जमणाऱ्यांना कुणी उगाळणारे म्हणत नाही. बायका पाळीविषयी जमल्या की मात्र खुपतं.

जवळपासचाच गट हवा, कारण कोणते डॉक्टर नीट ऐकून घेतात, ओटीपोटाची फिजिओथेरपी आपल्या बाजूला कुठे मिळते, हे तिथल्याच बायकांना ठाऊक असतं. आणि तपासणीला सोबत यायला त्याच येऊ शकतात.

हा मजकूर मला ओळखीच्या एका काकूंनी पाठवला. त्यांची मुलगी दर महिन्याला दोन दिवस कॉलेजला जात नाही. पुढच्या बैठकीला तिला घेऊन या, तुम्हीही बसा, असं मी त्यांना कळवलं आहे.