टायर पॉलिशची बाटली निवडताना

दसरा जवळ आला की वॉशिंग सेंटरसमोर गाड्यांची रांग लागते आणि प्रत्येक मालकाची शेवटची सूचना एकच असते, की टायर अगदी नव्यासारखे काळेभोर झाले पाहिजेत. खंडेनवमीला गाडीला हार घालायचा, तर ती स्वच्छ असावी ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र टायरसाठी कोणते द्रव्य वापरले जात आहे, हे विचारणारा माणूस क्वचितच भेटतो. इंजिन ऑइलचा ग्रेड तपासून घेणारे लोकसुद्धा टायरवर काय फासले जाते याकडे लक्ष देत नाहीत. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे. टायरच्या निगेसाठी जे काही पैसे आपण खर्च करणार असू, त्यांतला मोठा वाटा चांगल्या क्लीनरवर आणि ब्रशवर खर्च व्हावा, पॉलिशचा क्रमांक त्यानंतर यावा, आणि पॉलिश घ्यायचेच तर ते पाण्यात बनवलेले व कमी चमक देणारे असावे, असे माझे ठाम मत आहे.

यामागचे कारण टायरच्या घडणीत आहे. रबराचा मूळ रंग फिकट असतो. टायरला काळेपण येते ते त्यात मिसळलेल्या कार्बन ब्लॅकमुळे, आणि ही भुकटी रंगासाठी नव्हे तर झीज कमी व्हावी, मजबुती वाढावी म्हणून घातली जाते. सूर्याची अतिनील किरणे शोषून घेण्याचे कामही तीच करते. याखेरीज हवेतल्या ओझोनपासून रबराचे रक्षण व्हावे म्हणून टायरमध्ये मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळलेली असतात. ताणलेल्या रबरावर ओझोनचा हल्ला झाला की बारीक भेगा पडतात, आणि टायरची बाजू तर चालताना सतत ताणली जाते. ही संरक्षक द्रव्ये आतून हळूहळू पृष्ठभागावर येतात, तिथे ओझोनशी त्यांची क्रिया होते आणि ती तपकिरी पडतात. आपण ज्याला टायर मळकट दिसतो, लालसर दिसतो असे म्हणतो, त्यात रस्त्याच्या धुळीइतकाच या तपकिरी थराचा हिस्सा असतो. म्हणूनच नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने टायर काळा होत नाही आणि चिखल निघाला तरी तांबूस छटा मागे राहते.

या थरावर थेट पॉलिश लावले, तर ते रबराला न चिकटता मळाला चिकटते. दोन दिवसांत टायर पुन्हा डागाळतो, मग पुन्हा पॉलिश लावले जाते, आणि जुन्या पॉलिशचा, धुळीचा व तपकिरी द्रव्याचा एक चिकट लेप साचत जातो. याउलट टायर नीट घासला, तर तो पॉलिशशिवायही मंद काळा आणि देखणा दिसतो. नव्या टायरलासुद्धा पहिल्यांदा घासणे आवश्यक असते, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश त्यावर उरलेला असू शकतो आणि त्यावर कोणतेही पॉलिश टिकत नाही.

क्लीनर निवडताना एवढे पाहावे, की तो टायरसाठी बनवलेला किंवा गाडीच्या सर्वसाधारण सफाईसाठी असलेला सौम्य अल्कधर्मी क्लीनर आहे. असे क्लीनर बहुधा पाणी घालून वापरायचे असतात आणि टायरसाठी एका भागाला चार ते दहा भाग पाणी हे प्रमाण साधारणपणे पुरते, तरी बाटलीवर छापलेले प्रमाण अंतिम मानावे. ताठ नायलॉनचा ब्रश घ्यावा, तारेचा कधीही घेऊ नये. एक चाक घ्यावे, ओले करावे, क्लीनर लावून घासावे. पहिला फेस तपकिरी येतो, दुसरा फिका येतो, आणि फेस पांढरा येऊ लागला की टायर स्वच्छ झाला असे समजावे. हे काम सावलीत आणि चाके थंड असताना करावे, कारण तापलेल्या चाकावर क्लीनर वाळला तर अलॉयवर डाग पडतात. हा तपकिरी थर दर आठवड्याला कडक रसायनाने खरवडून काढण्याची मात्र काहीच गरज नाही. टायर बनवणाऱ्या कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला सौम्य साबण आणि पाणी एवढाच असतो, आणि नेहमीच्या धुण्यासाठी तो पुरेसा आहे.

रिमसाठी मिळणारे काही स्वस्त क्लीनर आम्लाचे असतात आणि ते क्षणात चमत्कार घडवतात, कारण ब्रेकची जळकी धूळ त्यांनी विरघळते. त्यांतील काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. हे द्रव्य त्वचेतून आत शिरते, वेदना कधी कधी उशिरा जाणवतात आणि तोवर आत इजा झालेली असते. वॉशिंग सेंटरवरची मुले हातमोज्यांशिवाय दिवसभर असल्या द्रव्यांत हात घालतात, हे पाहून मला फार वाईट वाटते. आपली गाडी दहा मिनिटांत चकाकावी म्हणून कोणाच्या तरी बोटांची किंमत मोजली जाऊ नये. रिमवरची लोखंडी धूळ काढण्यासाठी उदासीन पीएचचे क्लीनर मिळतात, लोखंडाशी संयोग होताच ते जांभळे होतात, थोडे महाग असतात आणि त्यांचा वास उग्र असतो, पण तेच मागावेत.

आता पॉलिशकडे वळू. बाजारात नावे पुष्कळ असली, तरी टायरच्या पॉलिशची मुख्य घराणी दोनच आहेत. पहिल्यात सिलिकॉन तेल पेट्रोलजन्य द्रावकात विरघळवलेले असते, तर दुसऱ्यात तेच किंवा तत्सम तेल पाण्यात घुसळून दुधासारखे केलेले असते. पहिले ओलसर, आरशासारखी चमक देते आणि पावसात जास्त टिकते. दुसरे मंद चमक देते आणि लवकर उतरते. ओळखण्याची खूण सोपी आहे. पंपाच्या बाटलीतले द्रव्य दुधाळ, पातळ आणि फारसा वास नसलेले असेल, तर ते बहुधा पाण्यातले असते. पारदर्शक, तेलकट आणि रॉकेलसारख्या वासाचे असेल, तर ते द्रावकातले असते. बाटलीवर ज्वालेची खूण किंवा पेट्रोलियम डिस्टिलेट असे शब्द दिसले की शंका उरत नाही. दाबाच्या डब्यातल्या फवाऱ्यांवर ज्वालेची खूण आतल्या ज्वालाग्राही वायूमुळेही असू शकते, त्यामुळे तिथे घटकांची यादी वाचावी लागते.

सिलिकॉनच टायर फोडते, हा समज मात्र मला अन्यायाचा वाटतो. शुद्ध सिलिकॉन तेल रबराच्या बाबतीत बरेचसे निष्क्रिय असते. चिंता करायची ती ते ज्यात विरघळवलेले असते त्या पेट्रोलजन्य द्रावकाची, कारण द्रावक वारंवार लागले तर ते टायरमधले मेण आणि ओझोनरोधक पृष्ठभागावरून धुऊन काढू शकतात, म्हणजे ज्या द्रव्यांनी टायरचे रक्षण करायचे तीच कमी होतात. वर्षातून एकदा लग्नासाठी गाडी सजवताना असे पॉलिश लावले म्हणून टायर निकामी होणार नाही, पण दर रविवारी तेच लावणे मला मान्य नाही.

याहून वाईट प्रथा म्हणजे डिझेल, रॉकेल किंवा जळके इंजिन ऑइल कापडाने टायरवर फिरवणे. ते फुकटात होते, टायर लगेच काळाकुट्ट दिसतो आणि ग्राहक खूश होतो. पण नैसर्गिक रबर आणि टायरमध्ये वापरले जाणारे नेहमीचे कृत्रिम रबर खनिज तेल शोषून फुगते आणि मऊ पडते. इंधनाच्या नळ्यांसाठी नायट्राइलसारखे तेलाला दाद न देणारे रबर मुद्दाम वापरले जाते, ते याच कारणासाठी. टायरचे रबर त्या जातीचे नसते. गाडी धुवायला देताना टायरला डिझेल लावू नका, हे वाक्य स्पष्टपणे सांगण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

थ्रीएम, मेग्वायर्स, टर्टल वॅक्स, सोनॅक्स, वॅक्सपोल अशी नावे आपल्याकडे सहज मिळतात. यांपैकी एकच उत्तम असे सांगणे मला योग्य वाटत नाही, कारण एकाच कंपनीच्या निरनिराळ्या बाटल्यांत दोन्ही प्रकारचे पॉलिश असू शकते. नावापेक्षा प्रकार पाहावा. जास्त महत्त्व लावण्याच्या पद्धतीला आहे. टायर पूर्ण वाळल्यावर स्पंजच्या तुकड्यावर थोडेसे पॉलिश घेऊन पातळ हात फिरवावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि कोरड्या कापडाने जास्तीचे पुसून टाकावे. ही शेवटची पायरी गाळली, तर गाडी सुरू होताच पॉलिशचे थेंब उडतात आणि दारांच्या खालच्या भागावर काळे ठिपके बसतात. जाड, ओलसर लेपावर धूळही अधिक चिकटते, त्यामुळे सकाळी झळाळणारा टायर संध्याकाळी सर्वात मळका दिसतो.

आपल्या राज्यातही एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर पाण्यातले पॉलिश लावणे म्हणजे ते गटारात सोडणे होय. तिथे पावसाळाभर तांबडा चिखल धुऊन काढण्यावर भर द्यावा आणि पॉलिशची बाटली नवरात्रापर्यंत बंद ठेवावी. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गाड्या दिवसभर उन्हात उभ्या असतात. तिथे अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे पाण्यातले पॉलिश घेण्यात अर्थ आहे, तरी सावली आणि हवेचा योग्य दाब यांची बरोबरी कोणतीही बाटली करू शकत नाही. गावच्या घरी महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. टायर फिरतो, दबतो, तेव्हा आतले मेण पृष्ठभागावर अधिक सहज येत राहते. उभ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही तडकतात, आणि अशा वेळी पॉलिशपेक्षा अधूनमधून गाडी चालवून आणणे उपयोगी ठरते.

सुरक्षेच्या बाबतीत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. पॉलिश टायरच्या फक्त बाजूला लावायचे असते. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर ते लागता कामा नये. फवारा थेट चाकावर मारू नये, कारण त्याचे तुषार रिमच्या फटींतून ब्रेकच्या डिस्कवर बसतात. दुचाकीच्या टायरला तर पॉलिश अजिबात लावू नये. वळणावर दुचाकी कलते आणि टायरची कड रस्त्यावर येते. तिथे सिलिकॉनचा थर असेल तर चाक घसरते. स्कूटर धुऊन देताना सौजन्य म्हणून टायर चमकवून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती ठामपणे नाकारावी.

धुतलेले पाणी कुठे जाते, याचाही थोडा विचार व्हावा. टायरमधल्या ६पीपीडी या ओझोनरोधकापासून ओझोनमुळे तयार होणारे एक द्रव्य कोहो सॅमन माशांना मारते, हे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. तिथे पाऊस पडला की रस्त्यावरचे पाणी ओढ्यात जाऊन हे मासे मरत होते आणि कारण कित्येक वर्षे सापडत नव्हते. ते द्रव्य मुख्यतः रस्त्यावर झिजलेल्या टायरच्या कणांतून येते, त्यामुळे आपण गाडी धुतल्याने नदी मरेल असे मी म्हणणार नाही. पण क्लीनर मोजून वापरणे आणि फेसाचे लोट पावसाळी गटारात न सोडणे आपल्या हातात आहे.

शेवटचा मुद्दा जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. विक्रीला ठेवलेल्या गाडीचे टायर हमखास ओलसर चमकत असतात आणि त्या चमकेखाली बाजूच्या बारीक भेगा दिसत नाहीत. सौदा ठरवण्याआधी एक टायर साबणाच्या पाण्याने घासून दाखवायला सांगावे, आणि विक्रेता कुरकुरला तरी आग्रह सोडू नये. त्यानंतर टायरच्या बाजूवरचे चार आकडे शोधावेत. २३१९ असे आकडे असतील, तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू पुष्कळदा आतल्या अंगाला असते, तेव्हा बॅटरी घेऊन वाकून पाहण्याची तयारी ठेवावी. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की खाचांमधल्या आडव्या पट्ट्या नक्षीच्या पातळीला येतात, म्हणजे टायर गोटा होण्याच्या वाटेवर आहे आणि गाडीच्या किमतीत चार नव्या टायरांचा खर्च धरूनच बोलणी करायला हवीत.